नाकाची साक्ष कोण नोंदवणार?

पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक २०१२ साली सुधारून लागू करण्यात आले, ते वाचताना एक विसंगती चटकन डोळ्यांत भरते. पाण्याचा रंग पाच हेझन एककांपेक्षा अधिक नसावा, विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या आत असावे, अशी एकेका घटकाची मर्यादा तेथे आकड्यांत बांधून दिलेली आहे. वासापुढे मात्र आकडा नाही. तेथे केवळ एक विशेषण आहे. पाण्याचा वास 'मान्य होण्याजोगा' असावा, एवढेच मानक सांगते. तो कोणाला मान्य व्हावयाचा, पाणी पिणाऱ्याला की पाणी पुरविणाऱ्याला, याचा खुलासा त्यात नाही.

सोलापूरकरांना या विशेषणाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. या शहराच्या पाण्याचा मुख्य आधार उजनीचा जलाशय. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या वाढत्या नगरांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी हिरवे पडते, ही गोष्ट जिल्ह्यात सर्वज्ञात आहे. वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड आलेले पाणी पिंपांतून भरून ठेवण्याची सवय झालेल्या गृहिणीला त्याचा बदललेला वास प्रथम जाणवतो. ती तक्रार करते. अधिकारी नमुना घेतात, क्लोरीन तपासतात, जंतू तपासतात, आणि पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल देतात. अहवाल खोटा नसतो आणि तक्रारही खोटी नसते. तथापि अहवालात आकडा असतो व तक्रारीत तो नसतो. साहजिकच कागदावर अहवाल टिकतो आणि तक्रार विरून जाते.

हवेची गोष्टही फारशी वेगळी नाही. देशातील हवेच्या गुणवत्तेची जी मानके २००९ साली ठरली, त्यांत बारा घटक आहेत. अमोनिया आहे, शिसे आहे, बेंझीन आहे. दुर्गंधी हा घटक नाही. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या या जिल्ह्यात मळीमिश्रित पाण्याचा वास काय असतो हे डिस्टिलरीच्या शेजारच्या गावांना विचारावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुर्गंधीविषयी २००८ मध्ये एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, हे खरे. परंतु मार्गदर्शिका म्हणजे मर्यादा नव्हे, आणि मर्यादा नसेल तर ती ओलांडल्याचा ठपका तरी कोणावर ठेवावयाचा?

आवाजाचे उदाहरण

एके काळी आवाजाचीही हीच स्थिती होती. ध्वनिक्षेपकाचा त्रास होतो म्हणणाऱ्याला 'तुम्हांलाच कसा होतो?' असे विचारले जाई. १९८७ मध्ये हवा प्रदूषण कायद्यात दुरुस्ती होऊन आवाजाचा समावेश प्रदूषकांत झाला आणि २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरली. तेव्हापासून डॉल्बीच्या भिंती बंद झाल्या असे कोणी म्हणणार नाही. पण वादाचे स्वरूप पालटले. हातात मापक घेतलेला पोलीस आणि मिरवणुकीचा कार्यकर्ता यांच्यात आता आवड-निवडीचा वाद होत नाही, आकड्याचा होतो. नागरिकाच्या कानाला त्यामुळे कायद्याच्या दरबारात उभे राहण्यास जागा मिळाली.

नाकाला अशी जागा अद्याप मिळालेली नाही. त्याचे कारण केवळ शासनाची अनास्था हे नव्हे. ध्वनी ही एकाच जातीची लहर आहे, तिची तीव्रता मोजणे तुलनेने सोपे. वास म्हणजे हजारो निरनिराळ्या रेणूंचा व्यवहार. कोणता रेणू नाकात काय घडवितो, हेच विज्ञानाला दीर्घकाळ माहीत नव्हते. आता मात्र ते कोडे उलगडू लागले आहे, आणि माणसाच्या नाकातील वास ओळखणारी प्रथिने नाकाबाहेर, प्रयोगशाळेत तयार करण्याची विद्या त्याच्या मुळाशी आहे. म्हणूनच हा विषय केवळ शास्त्रज्ञांवर सोडून देण्याजोगा राहिलेला नाही.

चारशे अक्षरांची वर्णमाला

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदराच्या नाकातील गंधग्राही प्रथिनांच्या जनुकांचे एक अवाढव्य कुल शोधून काढले. त्यांची संख्या हजाराच्या घरात होती. या शोधाला २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात यांपैकी सुमारे चारशे जनुके कार्यक्षम आहेत. आणखी सहाशेच्या आसपास उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालेली आहेत. मानवी शरीरात प्रथिने घडविणारी एकूण जनुके वीस हजारांच्या आसपास. त्यांतील शेकडा दोन केवळ वासासाठी राखून ठेवावीत, यावरून निसर्गाने नाकाला किती महत्त्व दिले होते ते कळते.

गंधग्राही प्रथिन पेशीच्या पटलात बसलेले असते. मागावर धागा जसा ताण्यातून खालीवर होत जातो, तशी या प्रथिनाची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. तिच्या मध्यभागी एक लहानसा खळगा तयार होतो. योग्य आकाराचा रेणू त्यात बसला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि पेशीत संदेश सुटतो. मात्र एका वासाला एक प्रथिन असा सरळ हिशेब येथे नाही. एकाच रेणूला अनेक गंधग्राही प्रतिसाद देतात आणि एकच गंधग्राही अनेक रेणूंना. थोड्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द बनतात, तशी चारशे अक्षरांची ही वर्णमाला असंख्य वास लिहिते. तिच्यातील बऱ्याच अक्षरांचा उच्चार आजही आपल्याला ठाऊक नाही, म्हणजे ती कोणत्या रेणूंसाठी आहेत हे निश्चित झालेले नाही.

नाकाबाहेरचे नाक

ते ठरवावयाचे कसे? जिवंत माणसाच्या नाकातून एकेक प्रथिन वेगळे काढणे शक्य नाही. त्यासाठी पुनःसंयोजनाचे तंत्र वापरावे लागते. माणसाचे जनुक दुसऱ्या एखाद्या पेशीत घालावयाचे आणि तिच्याकडून मानवी प्रथिन बनवून घ्यावयाचे, हे ते तंत्र. मधुमेही रुग्ण टोचून घेतात ते मानवी इन्सुलिन १९८२ पासून याच रीतीने मिळू लागले, आणि बालकांना देण्यात येणारी कावीळ ब ची लस यीस्टच्या पेशीत याच मार्गाने तयार होते.

गंधग्राही प्रथिनांनी मात्र शास्त्रज्ञांना फार दमविले. इन्सुलिन पाण्यात विरघळते. गंधग्राही पटलाबाहेर आले की त्याची घडी विसकटते. परक्या पेशीत ते बनते, पण पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. पेशी ते आतल्या आत अडवून नष्ट करते. नाकातील पेशींना जमते ते इतर पेशींना का जमत नाही, याचे एक महत्त्वाचे उत्तर २००४ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने शोधले. नाकातील पेशींत काही साहाय्यक प्रथिने असतात, ती गंधग्राहीला हात धरून पृष्ठभागावर आणतात. हे साहाय्यक परक्या पेशीत घातल्यावर अनेक गंधग्राही तेथेही नांदू लागले. त्यांना काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाची जोड दिली, की वास ओळखला जाताच पेशी उजळते आणि तो उजेड यंत्राने मोजता येतो. वासाला आकडा मिळण्याची वाट येथून सुरू होते.

मानवी गंधग्राहीचा प्रत्यक्ष आकार कळावयास मात्र २०२३ साल उजाडावे लागले. सॅन फ्रॅन्सिस्को येथील आशिष मांगलिक यांनी मात्सुनामी व इतर सहकाऱ्यांसह ओआर ५१ ई २ या प्रथिनाची, प्रोपिओनिक आम्लाचा रेणू धरून ठेवलेल्या अवस्थेतील रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली. चीजसारखा आंबूस वास देणारा हा रेणू. चारशेंतून याच प्रथिनाची निवड का झाली? ते नाकाबाहेर, शरीराच्या इतर भागांतही सापडते, म्हणून परक्या पेशीत बनविण्यास तुलनेने सोपे. जनुकांचा शोध लागल्यावर पहिल्या मानवी रचनेसाठी बत्तीस वर्षे जावी लागली, यावरून या कामाची अवघडता ध्यानात यावी.

येथे एका गैरसमजाचा निरास करावयास हवा. प्रयोगशाळांना माल पुरविणाऱ्या कंपन्यांच्या सूचीत मानवी गंधग्राही प्रथिने मायक्रोग्रॅमच्या भावाने विकावयास असतात. परंतु बाटलीवर नाव असले म्हणजे आतील प्रथिन वास ओळखते असे नव्हे. त्यांतील पुष्कळशी प्रथिने वा त्यांचे तुकडे प्रतिपिंडांची पारख करण्यापुरते उपयोगी असतात. त्यांची घडी नैसर्गिक असेलच असे नाही. उद्या एखादा व्यापारी 'मानवी नाक बसविलेले यंत्र' घेऊन महापालिकेच्या दारात उभा राहिला, तर प्रथिन काम करते याचा पुरावा त्याला आधी मागितला पाहिजे. असे विश्वासार्ह यंत्र आज बाजारात तयार नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

मृद्गंध आणि नळाचे पाणी

मग या खटाटोपाचा सोलापूरशी काय संबंध? संबंध अगदी जवळचा आहे. पहिल्या पावसाने तापलेल्या जमिनीतून उठणारा सुगंध या अवर्षणग्रस्त जिल्ह्याइतका कोणाला प्रिय असेल? कनौजचे अत्तरवाले तो चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी का अत्तर' म्हणून विकत आले आहेत. ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये या गंधाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९६५ मध्ये त्यातील मातकट वासाच्या एका रेणूला जिओस्मिन असे नाव मिळाले. मातीतील काही जीवाणू तो तयार करतात. जलाशयात वाढणारे निळे-हिरवे शेवाळही तोच तयार करते. म्हणजे जो गंध मृगाच्या सरीत हवाहवासा वाटतो, तोच पेल्यातील पाण्याला आला की नकोसा होतो.

जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचे नाक थक्क करणारे आहे. लिटरमागे दहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा कोटीवा अंश इतके अल्प प्रमाणही बहुतेकांना जाणवते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. दरडोई १३५ लिटर या प्रचलित मापाने एका दिवसाचे पाणी जवळपास तेरा कोटी लिटर होते. तेवढ्या सर्व पाण्याला मातकट वास येण्यास जेमतेम सव्वा ग्रॅम जिओस्मिन पुरेल! नेहमीच्या क्लोरीनने ते सहजी जात नाही. सक्रिय कोळसा किंवा ओझोन यांचा उपाय करावा लागतो.

२०२४ मध्ये जर्मनीतील फ्राइझिंग येथे डिएटमार क्राउटवुर्स्ट यांच्या गटाने प्रयोगशाळेत घडविलेल्या मानवी गंधग्राहींच्या शेकडो रूपभेदांवर जिओस्मिन सोडून पाहिले. ओआर ११ ए १ या एकाच गंधग्राहीने त्याला ठळक प्रतिसाद दिला. अमेरिकेच्या वाळवंटातील कांगारू-उंदराचे तेच प्रथिन माणसाच्या प्रथिनापेक्षा सुमारे शंभर पट संवेदनशील निघाले. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या प्राण्याला ओलाव्याचा वास दुरून यावा, हे समजण्यासारखे आहे.

जिओस्मिन मोजणारी यंत्रे आजही आहेत, मग प्रथिन कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. परंतु यंत्राला काय शोधावयाचे हे आधी सांगावे लागते. ते पाण्यातील शेकडो पदार्थांची यादी देईल, मात्र त्यांतील कोणत्या पदार्थाने नाकाला त्रास दिला हे सांगू शकणार नाही. ती गोष्ट नाकातले प्रथिनच सांगू शकते. यंत्राची यादी आणि गंधग्राहीची साक्ष एकमेकांना जोडली गेली, तर 'पाण्याला वास येतो' या गृहिणीच्या वाक्याला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळेल.

नाक कोणाचे धरावयाचे?

यावर एक गंभीर आक्षेप येतो. वास सर्वांना सारखा येत नाही. मग कोणाचे नाक प्रमाण मानावयाचे? अँड्रोस्टेनोन नावाचा एक पदार्थ काहींना घामासारखा वा मूत्रासारखा उग्र वाटतो, काहींना गोडसर वाटतो, तर काहींना त्याचा वासच येत नाही. ओआर ७ डी ४ या गंधग्राहीच्या जनुकातील फरक यामागे मोठ्या प्रमाणावर आहे, हे २००७ मध्ये प्रयोगशाळेत घडविलेल्या याच प्रथिनांच्या साह्याने दाखविले गेले. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. शेजाऱ्याला वास येत नाही म्हणून तक्रार करणारा खोटारडा ठरत नाही. दोघांची जनुके भिन्न असू शकतात. अधिकाऱ्याने स्वतः पाणी हुंगून 'मला काही जाणवत नाही' असा शेरा मारणे किती अपुरे आहे, तेही यातून दिसते.

दुसरी मर्यादाही मान्य केली पाहिजे. वास आला म्हणजे पाणी विषारी, असे नाही. इतक्या अल्प प्रमाणातील जिओस्मिन स्वतः घातक नाही. उलट आर्सेनिक आणि नायट्रेट यांना वास नसतो. म्हणून नाक हे प्रयोगशाळेला पर्याय नव्हे. परंतु जलाशयात शेवाळ माजत असल्याची, कोठे तरी काही बिघडत असल्याची सूचना ते अनेकदा सर्वांआधी देते. पहारेकऱ्याने हाक दिल्यावर आधी चोर दाखव म्हणणे शहाणपणाचे नाही.

कुलाब्यातील माश्या

हे सारे काम परदेशांत चालले आहे, आपण काय करणार, असा सूर येथे हमखास निघतो. इतिहास त्याला साक्ष देत नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ पासून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज तेथे दाखल झाल्या. गंधग्राहीचे एकही जनुक जगात कोणाला ठाऊक नव्हते, त्या काळात या दोघांनी वास न ओळखणाऱ्या फळमाश्यांचे उत्परिवर्ती वाण वेगळे काढले आणि १९७८ मध्ये ते काम भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. माशीचे गंधग्राही माणसाच्या गंधग्राहींहून निराळ्या कुळातले आहेत, हे पुढे कळले. पण वासाचा प्रश्न जनुकांच्या मार्गाने सोडविता येतो, ही दृष्टी मुंबईत तेव्हा होती. सिद्दीकी २०१३ मध्ये आणि रॉड्रिग्ज २०१० मध्ये निवर्तल्या. त्यांनी घालून दिलेली परंपरा बंगळूरला वाढली. महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम वासावर काम करीत आहेत. करोनाच्या साथीत त्यांच्या गटाने पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांबरोबर रुग्णांची वासशक्ती मोजणारे उपकरण वापरून लक्षणे नसलेले बाधित ओळखता येतात हे दाखविले. तो निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गरज पडली तेव्हा वास मोजण्याचे साधन येथे तयार झाले, हा अनुभव ताजाच आहे.

माशीला वास कसा येतो याचा शोध कोणाच्या पोटापाण्याच्या कामी येणार, असा प्रश्न सत्तरच्या दशकात सहज विचारता आला असता, आणि काहींनी तो मनात विचारलाही असेल. आज त्याच प्रश्नाच्या पोटातून अन्न, औषध, सुगंधी द्रव्ये आणि पाण्याची पारख असे व्यवहार उभे राहत आहेत. सुगंधाच्या धंद्यातील मोठ्या परदेशी कंपन्या गंधग्राहींच्या संशोधनात पैसा ओतीत आहेत. त्यांना जे वास महत्त्वाचे वाटतील त्यांचाच अभ्यास आधी होणार, हे उघड आहे. मळीच्या पाण्याचा वास आणि उजनीच्या शेवाळाचा वास त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असण्याचे काहीच कारण नाही. ते वास आपले आहेत. त्यांचा अभ्यास आपल्याच विद्यापीठांनी हाती घ्यावयास हवा.

आजच करण्याजोगे

त्यासाठी प्रथिनाचे यंत्र तयार होईपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. युरोपात २००३ पासून दुर्गंधी मोजण्याचे एक मानक आहे आणि त्यात यंत्र म्हणून माणसांचीच नाके वापरतात. ब्युटानॉल या पदार्थावर पारखून निवडलेल्या व्यक्तींना, वासाची हवा स्वच्छ हवेत मिसळून देतात. किती विरल केल्यावर निम्म्यांना वास येईनासा होतो, यावरून आकडा ठरतो. सोलापुरातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकविणारे अध्यापक आहेत, शिकणारे विद्यार्थी आहेत. महापालिकेने त्यांच्यातून पाण्यासाठी असे एक पारखी मंडळ नेमले, तर त्याचा खर्च एखाद्या समारंभाच्या मंडपाहून अधिक येणार नाही.

दुसरे काम कारकुनी स्वरूपाचे, पण महत्त्वाचे आहे. वासाच्या तक्रारींची स्वतंत्र नोंदवही हवी. तीत तारीख, पेठ, वासाचे वर्णन आणि त्या दिवशीचा पाण्याचा स्रोत लिहिला जावा. अशी पाच वर्षांची नोंद हाती आली, तर उजनीच्या पातळीशी, तापमानाशी, शेवाळाशी तिची सांगड घालता येईल. शहरातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने पुण्यातील संशोधन संस्थांच्या साह्याने त्या अभ्यासाचे पालकत्व घ्यावे आणि आज ना उद्या गंधग्राही प्रथिनांवरील कामातही पाऊल टाकावे. आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुर्गंधीची मर्यादा आकड्यांत ठरविण्याचे काम आता लांबणीवर टाकू नये.

आकडा आला म्हणजे दुर्गंधी नाहीशी होईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. भीमेत येणारे सांडपाणी प्रथिनाने शुद्ध होणार नाही. त्यासाठी पुण्याला आपली प्रक्रिया-केंद्रे पुऱ्या ताकदीने चालवावी लागतील. परंतु तशी मागणी सोलापूर ज्या दिवशी करील, त्या दिवशी त्याच्या हातात वर्षांची नोंद आणि मोजलेला पुरावा असला पाहिजे. 'मान्य होण्याजोगा' वास म्हणजे काय, हे ठरविण्याच्या बैठकीत पाणी पिणाऱ्याला खुर्ची मिळवून द्यावयाची असेल, तर ती नोंद येत्या उन्हाळ्यापासूनच सुरू व्हावयास हवी.